प्रोजेक्ट घेताना पोरांना तोंडी विचारा

संपादक साहेब नमस्कार,

कॉलेजात एआय वापरू द्यावं की बंद करावं यावर सध्या सगळीकडे बोललं जातंय, म्हणून माझा अनुभव कळवते. मी सोलापुरात एका कॉलेजला तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे सीएचबी. नवीन शैक्षणिक धोरणात डिग्रीच्या पोरांना फील्ड प्रोजेक्ट करावा लागतो, यंदा माझ्याकडे साठेक रिपोर्ट तपासायला आले आणि दहाबारा वाचल्यावरच लक्षात आलं की सगळ्यांची भाषा एकच आहे. कुणाचा विषय चादर, कुणाचा डाळिंब, पण सुरुवात सगळ्यांची "महत्त्वपूर्ण भूमिका बजावतो" अशीच.

त्यात एक रिपोर्ट विडी कामगार बायकांवर होता. वीस पानं, शुद्धलेखनाची एक चूक नाही, शेवटी संदर्भग्रंथांची यादी आणि त्यातली दोन पुस्तकं मला कुठंच सापडली नाहीत. हे एआयचं यंत्र पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत लिहितं, त्यामुळे नसलेलं पुस्तकसुद्धा लेखकाच्या नावासकट देतं, हे पोरांना कुणी सांगितलेलंच नाही. आपल्या सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी १० हजार घरं झाली, त्याचा पण वीस पानांत उल्लेख नाही.

पोरीला बोलावून विचारलं, अगं विडी वळताना कधी बघितलंयस का. तर म्हणाली, "मॅडम, आई विड्याच वळती की." मग अर्धा तास तीच बोलत होती. पानं आणि तंबाखू कारखान्यातनं आणायचा, पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, कात्रीनं मापात कापायची, पानं खराब निघून कमी पडली तर पदरचे पैसे घालून बाहेरनं घ्यायची, आणि एवढं करून कारखान्यात माल द्यायला गेलं की छाट काढतात, म्हणजे नापसंत विड्या बाजूला टाकतात, त्याचे पैसे मिळत नाहीत. यातलं एक अक्षर रिपोर्टात नव्हतं. का लिहिलं नाहीस विचारलं तर म्हणाली घरी आम्ही तेलुगू बोलतो, माझं मराठी लिहिलेलं चांगलं नसतं, मोबाईलवरचं चांगलं येतं.

मला राग आला नाही, वाईट वाटलं. शहराच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या कितीतरी पोरांची हीच भीती आहे.

आता यावर उपाय म्हणून सॉफ्टवेअर लावून एआय पकडायचं म्हणतात. पण चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनंच असं पकडायचं टूल २०२३ च्या जानेवारीत आणलं आणि नीट ओळखत नाही म्हणून जुलैत बंद केलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्याच वर्षी दाखवलं की इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांनी स्वतः लिहिलेले निबंध सुद्धा ही सॉफ्टवेअर एआयचे ठरवतात. म्हणजे भाषेला घाबरणारी पोरंच आधी चोर ठरणार. कॉपी तपासायचं नेहमीचं सॉफ्टवेअर पण उपयोगाचं नाही, कारण ते दुसरीकडनं उचललेलं वाक्य शोधतं आणि इथं वाक्य तर नवीन तयार होतं.

म्हणून माझं विद्यापीठाला कळकळीचं सांगणं आहे की प्रोजेक्टचे निम्मे मार्क तोंडी परीक्षेला ठेवा, एकेका पोराला दहा मिनिटं तरी समोर बसवून विचारा की कुणाला भेटलास, काय बघितलंस. एआय कुठं वापरलं ते रिपोर्टच्या शेवटी लिहू द्या, स्वतः लिहिलेलं मराठी सुधारून घ्यायला वापरलं तर माझी काही हरकत नाही. पण साठ पोरांना दहा दहा मिनिटं म्हणजे दहा तास होतात आणि आम्हा सीएचबीवाल्यांना पैसे वर्गातल्या तासाचेच मिळतात, तर हे तास पण धरले पाहिजेत, नाहीतर कुणीही न वाचता सही करून मोकळं होईल आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा.

त्या पोरीला मी आठ दिवस दिले. तिनं हातानं लिहिलेली सहा पानं आणली. वेलांट्या चुकल्यात, दोन ठिकाणी तेलुगू शब्द तसेच राहिलेत. शेवटच्या पानावर पट्टीनं आखून सात दिवसांचा तक्ता केलाय, आईनं रोज किती विड्या वळल्या, छाट किती गेली आणि बाहेरनं पानं कितीची घेतली.

एक प्राध्यापिका, सोलापूर