जिप्सीचं व्हॉब्लिंग घालवणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, नमस्कार.

परवा खेड शिवापूरहून येत होतो. नवीन कात्रज बोगदा संपला आणि नवले पुलाच्या उतारावर नेहमीचा तो दणका बसला. बायकोनं सवयीनं समोरचा दांडा घट्ट धरला. काहीच झालं नाही, स्टिअरिंग जागचं हललं नाही. म्हणून हे पत्र. तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही 'बरं बरं' म्हणत पान्हे पुसायला घेतले असते.

माझी २०१२ ची जिप्सी साठ-पासष्टला खड्ड्यात आपटली की पुढची चाकं अशी नाचायची, की गाडी जवळजवळ थांबवेपर्यंत स्टिअरिंग हातात ठरत नसे. वर्षभरात बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झाली, टाय रॉड एंड झाले, स्टिअरिंगचे धक्के शोषणारा नवा डॅम्पर झाला. एका गॅरेजात तर प्ले (ढिलेपणा) काढतो म्हणून स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रूच आवळून दिला. वळण घेतलं की स्टिअरिंग आपसूक सरळ येईना. 'कंपनीनं २०१९ लाच बनवणं बंद केलंय, विकून टाका' हा सल्ला तेवढा फुकट मिळाला.

तुम्ही गाडी घोडीवर घेतलीत आणि चाक वर-खाली धरून हलवलंत. खटखट. "ब्रेक दाबून धरा." दाबला, तरी खटखट. "व्हील बेअरिंग असतं तर आता गप्प झालं असतं. किंग पिनचं आहे हे." म्हणजे पुढचं चाक डावीकडे-उजवीकडे ज्यावर वळतं, त्या खिळीचं. मी डॅम्परचं बिल दाखवलं, तर म्हणालात, "त्यानं नुसता ताप दाबला."

नकल, म्हणजे त्या पिनवर वळणारा चाकाजवळचा सांधा, उघडल्यावर ग्रीसऐवजी दुधाळ चहासारखं काहीतरी बाहेर आलं. सील फाटलेलं. ताम्हिणीच्या ओढ्यांत गाडी घालायची हौस माझी आणि नंतर उघडून बघायचा कंटाळाही माझाच. किंग पिनच्या बेअरिंगच्या कपावरून, म्हणजे रोलर ज्यात फिरतात त्या कड्यावरून, तुम्ही मला नख फिरवायला लावलंत. ते अडकत होतं. गाडी सरळ चालताना रोलर ज्या जागी बसतात, नेमकं तिथंच ठोके खाऊन बारीक खाचा पडलेल्या.

नाना पेठेत बेअरिंग आणायला मलाच पाठवलंत, मधलं कमिशन नको म्हणून. दोन्ही बाजूंची मिळून चार. मग रद्दीवाल्याकडे असतो तसला हुकाचा काटा नकलच्या आर्मला अडकवलात. बेअरिंग किती घट्ट बसलंय ते कळायला किती ओढलं की नकल हलते ते बघायचं, शिम (पत्र्याची पातळ चकती) काढायची, पुन्हा ओढायचं. असं चार वेळा. मला भूक लागली होती आणि खरं सांगतो, मनात म्हटलं, काय हा चिकटपणा! तो शब्द मागे घेतो.

बॉक्सचा स्क्रूही पूर्वीसारखा करून दिलात, आणि बिलात त्याचा उल्लेख नाही. माझ्या लक्षात आलंय.

पावसाळा संपला की पुन्हा नकल उघडून बघायला आणतो. तुमची टॉर्चही तेव्हाच परत करतो. त्या रात्री मी धरून उभा होतो ती. घरी आल्यावर कळलं, माझ्याच खिशात आहे.

तुमचा,
जिप्सीवाला