मूळव्याध समजून दोन वर्षं गेली
संपादक साहेब, नमस्कार. माझ्या भावाला शौचातून रक्त जायचं, वरून दिवसातून आठ-दहा वेळा पळापळ, आणि दोन वर्षं औषधं चालली, आधी मूळव्याध म्हणून मग आमांश म्हणून, शेवटी कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याने मोठ्या आतड्याची तपासणी) केली तेव्हा कळलं की अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा होणारा, दीर्घकाळ चालणारा आजार. हा परदेशातला आजार असं लोक अजून म्हणतात, पण २००३ साली छापून आलेल्या लुधियानाच्या सर्व्हेत लाखामागे ४४ पेशंट निघाले होते! आतड्याची सूज कमी करणाऱ्या मेसालामाइनच्या गोळ्यांवर बरेच जण नीट राहतात, स्टेरॉईड फक्त आजार उसळला की तो भडका शमवायला, कायमचं नाही. आणि बरं वाटलं की गोळ्या बंद करू नका हो, भावाने केल्या न् परत ॲडमिट. सरकारी दवाखान्यात ही औषधं नियमित मिळायला हवीत, त्यावर जरा लिहा ना.