पाठीमागच्या पिना मोजणाऱ्या दादांना

प्रिय ड्रेसदादा,

नाव लिहीत नाही. "माझं नाव कुठं छापलंस तर बघ," असं तुम्ही बजावलंय, आणि सेटवर आमचे कपडे बघणारे म्हणून तसंही तुम्हाला सगळे ड्रेसदादाच म्हणतात. पत्र मात्र उघड लिहितेय. फोटोखाली फोटोग्राफरचं नाव येतं, मेकअपवालीचं येतं, दागिने कुणाचे तेही येतं. ब्लाउज रात्रीतून उसवून पुन्हा कुणी शिवला, हे कधीच येत नाही.

२०२३ च्या दिवाळीत मॉडेल म्हणून माझं होर्डिंग लागलं. तोवर मी अंधेरीत तिघींबरोबर खोली वाटून राहणारी, आरामनगरच्या ऑडिशनच्या गल्ल्यांतून रोज 'नॉट फिट' ऐकून परतणारी कराडची पोरगी होते. त्याच शूटवर कुणीतरी सहज काढलेली पंधरा सेकंदांची रील, पदर सावरता सावरता मला हसू फुटतं तेवढीच, रात्रीत कुठल्या कुठे गेली. बाबा एसटीत कंडक्टर. रजा टाकून आले, हायवेला होर्डिंगखाली उभे राहिले आणि एका रिक्षावाल्याकडून फोटो काढून घेतला. त्या फोटोत बाबा माझ्या पैंजणाएवढे दिसतात.

त्या ब्लाउजला मागून दोन क्लिपा होत्या, हे फक्त तुम्हाला आणि मला माहीत.

बाहेरच्यांना वाटतं, कपडे आमच्या मापाने शिवलेले असतात. सॅम्पल एकाच मापाचं येतं. ते समोरून चापून बसावं म्हणून मागून पिना, क्लिपा, कधी कच्चे टाके मारतात. समोरून बघणाऱ्याला काय कळणार? माझ्या पाठीशी उभे होतात तुम्ही. नाताळापर्यंत दोनाच्या चार झाल्या, संक्रांतीला सात. आठवी लावताना तुम्ही म्हणालात, "साखरेचं पोतं शिवतात तशी मागून शिवतोय मी तुला. पोत्यात साखर तरी असते."

मी हसले. सगळे हसले. तुम्ही नाही हसलात.

तेव्हा माझं काय चाललं होतं ते आता लिहिता येतंय. किती किलो, काय खात होते, ते आकडे मुद्दाम लिहीत नाही. वाचणाऱ्या पोरी नेमके तेवढेच धरून बसतात. फिटिंगला कुणीतरी "अजून थोडी बारीक झालीस तर मोठी कामं येतील" म्हणालं आणि मी ते देववाणीसारखं घेतलं. चार महिने पाळी आली नाही. केस तर पुंजक्याने हातात यायचे. ज्या एजन्सीमार्फत काम मिळालं ती तीस टक्के कापून घ्यायची आणि उरलेलं नव्वद दिवसांनी द्यायची, तेही चार फोन केल्यावर. म्हणजे फॉलोअर लाखांत, आणि खोलीचं भाडं मैत्रिणीकडून उसनं. आणि गावाकडून रोज फोन: अमक्याच्या मुलीला लाव की कुठं.

मग ते फोटो आले. चेहरा माझा, खालचं सगळं दुसऱ्या कुणाचं. आधी अनोळखी माणसांच्या मेसेजमधून, मग आमच्या गल्लीच्या ग्रुपवर. बाबांनी ग्रुप सोडला आणि मला एका शब्दाने विचारलं नाही. ते न विचारणंच जास्त लागलं.

त्या रात्री तुम्ही मला डोंबिवलीला घरी नेलंत. शिलाई मशिनवरचं कापड बाजूला सारून तुमच्या सुनेने लॅपटॉप ठेवला आणि केंद्राच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार भरली. बायकांबाबतच्या असल्या तक्रारी नाव न देताही करता येतात, हे मला तेव्हा कळलं. नाव द्यायचं की नाही यावर मी अडले, तेव्हा तुम्ही मधू सप्रेंची गोष्ट सांगितलीत. १९९२ ची मिस इंडिया, मराठी पोरगी. १९९५ साली बुटांच्या एका जाहिरातीत अंगावर फक्त बूट आणि अजगर एवढंच घेऊन उभी राहिली, म्हणून अश्लीलतेचा खटला. निर्दोष सुटायला २००९ उजाडलं. "चौदा वर्षं! तिने स्वतःच्या मर्जीने काढलेला फोटो होता तो, तरी खाली मान घातली नाही. तुझा तर फोटोच नाही हा." मी नाव घातलं.

दुसरी गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत, नुसती दोन नावं घेतलीत. नफीसा जोसेफ, २००४. विवेका बाबाजी, २०१०. दोघी मॉडेल, दोघींनी मुंबईतच स्वतःला संपवलं. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनाच ठाऊक. त्यावर पेपरांनी रकाने भरले, तसं मला करायचं नाही. पण ती नावं घेऊन तुम्ही गप्प बसलात आणि मग विचारलंत, "तुझ्या डोक्यात तसलं काही येतं का?" असं सरळ मला कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टर म्हणतात, विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मी "हो" म्हणाले. तुम्ही खडूने कापडाच्या तुकड्यावर १४४१६ लिहून दिलंत. टेली-मानस, सरकारी, फुकट, चोवीस तास. अडीच वाजता लावला. पलीकडची बाई मराठीत बोलली, घाईत नव्हती.

नंतरचं फार रंगवण्यासारखं नाही. मानसोपचाराच्या ओपीडीत रांगा, गोळ्या, आहारतज्ज्ञ, दर मंगळवारी रडारड. कामं गेली. दोन मोठी गेली, त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पुढे वाचलं की २००६ साली आना कॅरोलिना रेस्टन ही ब्राझीलची एकवीस वर्षांची मॉडेल याच उपाशी राहण्याच्या आजाराने, अ‍ॅनोरेक्सियाने, गेली आणि जगभर ओरड झाली. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. मला कास्टिंगच्या मेसेजमध्ये उंची, छाती, कंबर विचारतात. डॉक्टरचा कागद अजून एकानेही मागितलेला नाही.

तुमच्या हाताला वायरच्या क्लिपांचे वळ आहेत, अंगठ्याशेजारी. मी ते पहिल्या दिवसापासून बघत होते, पण विचारलं नाही. तुम्ही माझी पाठ बघून विचारलंत. तेवढ्याचेच हे आभार. बाकी तुम्ही केलंत त्याची मोजदाद तुम्हालाच आवडणार नाही.

परवा एका साड्यांच्या कॅटलॉगचं शूट होतं. तिथला ड्रेसदादा अगदीच पोरगा, विशीतला. ब्लाउज दंडात अडकला. तो घाबरून म्हणाला, "मॅडम, उसवावं लागेल." मी म्हटलं, "उसव की मग."

काकूंचा स्टीलचा डबा माझ्याकडेच राहिलाय, झाकणावर नाव कोरलेला. रविवारी आणून देते. रिकामा कसा आणायचा, म्हणून धपाटे केलेत. कडेला जरा करपलेत, काकूंना आधीच सांगून ठेवा.

तुमची,
पोत्यातली साखर