देणगीच्या पावतीवर नाव नको म्हणणाऱ्यांसाठी

संपादक महोदय,

२८ फेब्रुवारी, म्हणजे विज्ञान दिन जवळ आला की आमच्या शाखेचा फोन दिवसभर वाजत असतो. कुणाला शाळेत चमत्कार सादरीकरण, म्हणजे बाबा लोकांचे 'चमत्कार' करून दाखवून त्यामागचं विज्ञान सांगणं, हवं असतं, कुणाला कॉलेजात व्याख्यान, आणि बोलणं संपता संपता हमखास येणारं वाक्य म्हणजे "मानधनाचं काही नाही ना?" मी अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या एका संस्थेच्या छोट्या शाखेचा खजिनदार आहे, बरीच वर्षं हिशेब बघतोय, आणि हे पत्र पैशाबद्दलच आहे, कारण आमच्याकडे सगळ्या विषयांवर वाद होतात पण पैशाचं काढलं की आमचेच लोक खाली बघायला लागतात.

सादरीकरणाला खर्च फार नसतो. हळदीला चुना लागला की ती लाल होते, पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकलं की थोड्या वेळाने आपोआप पेट घेतं, सामान सगळं पिशवीत मावतं. खरा खर्च त्याच्यानंतर सुरू होतो. एखाद्या बाईच्या डोक्यात जट असते, मान दुखतीये, झोप नाही, पण देवीचा कोप होईल म्हणून हात लावू देत नाहीत घरचे, तर तिच्याकडे चार-पाच वेळा जावं लागतं, सासूशी बोलावं लागतं, भीती गेल्यावर मग कात्री. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला, गुन्हा नोंदवता येतो, पण भोंदूबाबाच्या विरोधात तक्रार दिलेला माणूस गावात एकटा पडतो, त्याच्यासोबत तारखेला कोर्टात कोण जाणार, त्याचा बुडालेला रोज कोण देणार, आणि हे एक-दोन महिने नाही, वर्षानुवर्षं चालतं. आमचे कार्यकर्ते नोकऱ्या सांभाळून, स्वतःच्या खिशातून एसटीचं तिकीट काढून हे करतात. त्यांच्याकडून अजून किती घ्यायचं?

मग लोक म्हणतात सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा समाजकामाचा पैसा, घ्या की. मोठ्या कंपन्यांना मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकामावर खर्च करावी लागते हे बरोबर, पण ज्या कामांवर करायची त्या यादीत शिक्षण आहे, आरोग्य आहे, पर्यावरण आहे, वारसा-संस्कृती आहे, वैज्ञानिक दृष्टिकोन असा शब्द कुठेच नाही. म्हणजे शिक्षणाच्या खात्यात बसवून मागायचं. आम्ही मागितलंय. एका कंपनीच्या साहेबांनी टेलिस्कोप द्यायची तयारी दाखवली, अट एकच, बॅनरवर अंधश्रद्धा हा शब्द नको. शिवाय प्रश्न असतो लाभार्थी किती. जट काढलेल्या बाईची संख्या काय लिहायची, एक? आणि गंमत नाही, मनापासून विचारतोय, राज्यघटनेच्या ५१ क कलमात १९७६ च्या दुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य म्हणून घातलंय, मग त्या कर्तव्यासाठी कंपनीच्या यादीत एक ओळ का असू नये? सरकारकडूनही आता फार आशा वाटत नाही, विज्ञान प्रसार ही केंद्राची एवढी जुनी संस्था २०२३ मध्ये बंदच केली.

आता मुख्य मुद्दा. देणारे लोक आहेत, मी बघतो ना. डॉक्टर, शिक्षक, दुकानदार, रिटायर्ड माणसं, येऊन हळूच पैसे हातात ठेवतात आणि म्हणतात, "पावतीवर माझं नाव नका टाकू हां." २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. दाभोलकरांना गोळ्या घातल्या, २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉ. पानसरेंना, त्यामुळे ही भीती मला कळते, मी कुणाला भित्रा म्हणणार नाही. काहींना तर फक्त सोसायटीत, नातेवाइकांत बोलणी नको असतात. पण कायदा काय आहे ते सांगतो. आमच्यासारख्या ट्रस्टला देणाऱ्याचं नाव-पत्ता नोंदवावाच लागतो. नाव नसलेली देणगी १ लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यातली जी रक्कम जास्त असेल तिच्या पलीकडे गेली की वरच्या पैशावर ३० टक्के कर. आणि निव्वळ धार्मिक ट्रस्ट असेल तर हा कर लागू नाही, दानपेटीत कुणी कितीही टाकावं, नाव विचारायचं काम नाही. दोघांचीही नोंदणी त्याच धर्मादाय आयुक्तांकडे!

मी असं म्हणत नाही की आम्हालाही सूट द्या. निनावी पैशाला मर्यादा असलीच पाहिजे, हिशेब उघडा असलाच पाहिजे, आमच्यावर "फॉरेनचा पैसा येतो" असं बोलणाऱ्यांना मी दरवेळी ऑडिट झालेला ताळेबंद दाखवतो. मागणी एवढीच की स्वतःला धर्मनिरपेक्ष म्हणवणाऱ्या देशात दोघांना मोजायची पट्टी एकच ठेवा.

त्यात आता नवीन कर प्रणाली आली, त्यात ८०जी ची, म्हणजे देणगीवरची, वजावटच नाही, २०२३-२४ पासून तीच डिफॉल्ट आहे, त्यामुळे मार्चमध्ये "पावती पाठवा हो लवकर" म्हणणारे फोनही कमी झालेत. करासाठी देणारे गेले, नावाला घाबरणारे लांब उभे, उरले थोडेच.

म्हणून तुमच्या वाचकांना दोन गोष्टी सांगायच्यात. कुठल्याही अशा संस्थेला कार्यक्रमाला बोलावलंत तर येण्याजाण्याचा खर्च आणि थोडं मानधन स्वतःहून द्या, मागायला लावू नका. आणि दर महिन्याला छोटी रक्कम बँकेतून थेट द्या, शंभर-दोनशे चालतील, कारण एकदाच आलेल्या मोठ्या देणगीपेक्षा दर महिन्याचे ठरलेले पैसे असले की कोर्टाची पुढची तारीख मला आधीच हिशेबात धरता येते. आमच्याकडे एक निवृत्त नर्स आहेत, दर महिन्याच्या ५ तारखेला २०० रुपये पाठवतात आणि पावतीवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव लिहायला लावतात. गेल्या वर्षी त्यांनी शेजारच्या दोघींना पण तयार केलं, त्यातली एक अजून पावतीवर नाव टाकू देत नाही, पण पैसे देते. तिचं नाव रजिस्टरात आहे, बाहेर कुठेही छापत नाही, एवढी खात्री मी कुणालाही देऊ शकतो.

आपला,
एक शाखा खजिनदार