काका, जाळं आता परत वडाच्या कोपऱ्यात लावा

तीर्थस्वरूप काका,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. चौथीच्या वर्गात तिचं वाचन सगळ्यांत स्वच्छ आहे, त्यामुळे कुठे अडायचं नाही. चारचौघांत वाचता यावं असंच मी ते लिहिते आहे. गेल्या चार महिन्यांत माझ्या पाण्यात उतरण्याबद्दल तलावाच्या पाळीवर बरंच बोललं गेलं. तुम्ही काय केलंत, ते मात्र कुणी बोललं नाही.

येत्या रविवारी माझी ट्रायथलॉन आहे, आयुष्यातली पहिली. ७५० मीटर पोहायचं, ओल्या अंगानंच सायकलवर बसून २० किलोमीटर जायचं आणि सायकल ठेवली की ५ किलोमीटर धावायचं. स्पर्धा झाल्यावर लिहिलं असतं तर तुमचे आभार निकालाला बांधले गेले असते. ते मला नको आहे. म्हणून आधीच लिहिते.

मी दारव्ह्याकडची, कापसाच्या मुलखातली, हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, हंडे आणि मे महिन्यात टँकर. मी आठ वर्षांची असताना आमच्या आळीतल्या एका मुलाला विहिरीतून वर काढताना मी पाहिलं. त्यानंतर आईनं मला काठाजवळ जाऊ दिलं नाही आणि मोठी झाल्यावर मीच कधी गेले नाही. नोकरी लागून भंडारा जिल्ह्यात आले तेव्हा बसच्या खिडकीतून एकामागून एक तलाव दिसत होते आणि माझ्या पोटात गोळा येत होता. ही कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेली तळी, मालगुजारी म्हणजे सारा गोळा करणाऱ्यांची जमीनदारी १९५०च्या कायद्यानं गेली तरी तळी राहिली, म्हणून त्यांना माजी मालगुजारी, मामा तलाव म्हणतात, हे सगळं मी नंतर मुलांना शिकवता शिकवता शिकले. बारा वर्षं मी या तलावाच्या पाळीवरून शाळेत गेले. एकदाही पाय ओला केला नाही.

धावणं आणि सायकल मला आधीपासून येत होती. शाळा सहा किलोमीटरवर, रोज सायकलनं जाणं-येणं. धावायला लागून पाच वर्षं झाली. तीनांतली दोन अंगात होती, तिसरी नव्हती. पोहणं शिकायला मी शहरातल्या एका तलावावर, म्हणजे स्विमिंग पूलवर, चौकशीला गेले. बायकांची वेळ नेमकी शाळा भरायच्या वेळेची. तिथल्या प्रशिक्षकानं वय विचारलं. छत्तीस सांगितल्यावर तो म्हणाला, या वयात श्वासाचं गणित बसत नाही, तुम्ही धावतच राहा. मी बसमध्ये बसून परत आले आणि आठवडाभर कुणाशी त्याबद्दल बोलले नाही.

पोळ्यानंतरच्या त्या शनिवारी पाळीवर तुम्ही डोंगा उलटा करून त्याची डागडुजी करत होतात. मी विचारलं, मला पोहायला शिकवाल का? तुम्ही हातातलं काम थांबवलं नाही. एवढंच विचारलंत, "काहून जी मॅडम?" मी तिन्ही खेळांचं सांगितलं. १९७४ साली अमेरिकेत सॅन दिएगोला ४६ जणांनी पहिल्यांदा ट्रायथलॉन या नावानं हे तीन खेळ एका दमात केले, ती मंडळी मुळात धावणाऱ्यांच्या क्लबातली होती, पुढे २००० साली सिडनीला तो खेळ ऑलिम्पिकमध्ये आला, असं बरंच काही सांगून टाकलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मंग धावनारेच होते ते. ते शिकले तं तुमी शिकसान." स्विमिंग पूलवरच्या माणसाला जे बसत नव्हतं ते गणित तुम्ही एका वाक्यात मोकळं केलंत. आधी मच्छीमार संस्थेत जाऊन विचारून या, असंही तेव्हाच बजावलंत. परवानगीशिवाय तलावात कुणी उतरायचं नाही, मॅडम असल्या तरी.

पहिले सहा दिवस तुम्ही मला पोहू दिलं नाही. घाटाच्या पायरीवर गळ्याइतक्या पाण्यात बसायचं, तोंड बुडवायचं आणि बुडबुडे काढायचे. बस, इतकंच. मोबाइलवर पाहिलेल्या शिकवण्यांत सगळा भर हात कसे टाकायचे यावर होता, म्हणून मी आतून अधीर झाले होते. तेव्हा तुम्ही म्हणालात ते मी वहीत लिहून ठेवलं आहे: "साँस घेवाची फिकर नोका करू मॅडम. सोडाची करा. सोडली का घेनं आपोआप होते." माझी सगळी चूक तिथेच होती. पाण्यात तोंड गेलं की मी श्वास कोंडून धरायची. मग डोकं वर काढलं की आधी तो बाहेर टाकायचा आणि लगेच नवा घ्यायचा, एवढं तेवढ्या क्षणात होत नाही. छाती भरलेली आणि तरी जीव गुदमरलेला. पाण्यातच सावकाश सोडत राहिलं की मान वळवल्यावर फक्त घेणं उरतं. विहीर पाहिल्यापासून पाण्याजवळ गेलं की माझा श्वास आपोआप कोंडायचा, तो त्या सहा दिवसांत सुटला. सातव्या दिवशी तुमचा हात पाठीखालून कधी निघाला ते मला कळलंसुद्धा नाही.

मग तुम्ही रस्ता आखलात. मी पन्नास मीटरचं अंतर लागेल म्हणाले. तुम्ही जाळ्याची दोरी घेतलीत आणि हातानं मोजायला लागलात. एक हात म्हणजे साधारण ४५ सेंटीमीटर, ११० हात झाले तिथे बांबू रोवलात. मी दुसऱ्या दिवशी शाळेतली फीत आणून दोरी मोजली, जेमतेम अर्ध्या मीटरचा फरक निघाला. पंधरा फेऱ्या म्हणजे ७५०. मधलं शेवाळ आणि वेली तुम्ही डोंग्यातून दोन दिवस ओढून काढत होतात. आश्विनात धानाला पाणी सोडलं आणि तलाव उतरला, तेव्हा बांबू उपटून आणखी आत नेऊन रोवलेत. पुढेही दोनदा. प्रत्येक वेळी परत ११० हात मोजून.

एक दिवसही तुम्ही मला एकटीला पाण्यात उतरू दिलं नाही. कमरेला दोरी, दोरीला रिकामी कॅन आणि मागे तुमचा डोंगा. तुम्हाला ताप आला होता त्या दोन दिवशी तुम्ही निरोप पाठवलात, आज पाणी नाही. मी पोहू शकत होते, पण गेले नाही. आता माझ्या धावणाऱ्या मैत्रिणी विचारतात की आम्हीही तळ्यात सुरू करू का, तर मी पहिलं हेच सांगते: सोबत डोंगा आणि डोंग्यात पाणी जाणणारा माणूस असेल तरच.

सरळ पोहणंही तुमचंच. स्विमिंग पूलमध्ये तळाशी काळी रेघ असते, ती पाहत जायचं. तलावात खाली नुसता गढूळ हिरवा अंधार. मी डावीकडे वाहवत जायची आणि बांबू उजवीकडे राहायचा. तुम्ही डोंगा हाकताना पलीकडच्या काठावरचं शिंदीचं झाड नाकासमोर धरता, तेच मला धरायला लावलंत. आठ हात मारायचे आणि बेडकासारखे नुसते डोळे वर काढून झाड पाहायचं, डोकं नाही. डोकं उचललं की कंबर बुडते. स्पर्धेत झाडाऐवजी रंगीत फुगे असतात, बाकी रीत हीच. दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायला तुम्ही का लावलंत ते मला त्या वाऱ्याच्या दुपारी कळलं. लाट उजव्या बाजूनं येत होती आणि तोंड उघडलं की पाणीच आत.

आणि ती धुक्याची सकाळ. झाड दिसेना, बांबू दिसेना, पायाला वेल लागली. मी लाथा झाडायला लागले तशी ती आणखी गुंडाळली. विहीर डोळ्यांसमोर आली, काका. खरंच आली. मी ओरडले की नाही आठवत नाही. तुमचा डोंगा शेजारी होता. तुम्ही मला वर ओढलं नाहीत. डोंग्याची कड माझ्या हाताला लावलीत आणि म्हणालात, "धरा. कोनी मांगं लागला नाही." मी धरून राहिले. तुम्ही पाण्यात हात घालून वेल सोडवलीत. पाच-सात मिनिटं तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मग विचारलंत, घाटावर का बांबूवर? मी बांबूवर म्हणाले. नंतर स्पर्धेचे नियम वाचले तर तिथेही हेच निघालं: दम लागला तर थांबलेल्या होडीला किंवा फुग्याला धरून विसावा घेता येतो, फक्त त्याच्या आधारानं पुढे सरकायचं नाही. हे वाचलं त्या दिवसापासून रविवारच्या पाण्याची माझी भीती निम्मी झाली.

काकूंचं ऋण वेगळंच आहे. मी घट्ट काळ्या कपड्यांत पाण्यात उतरते याची चर्चा पारावर सुरू झाली, तेव्हापासून काकू रोज सकाळी घाटावर शिंगाड्याची टोपली घेऊन निवडत बसायला लागल्या. शिंगाडे घरी निवडता येतात. त्या तिथे माझ्यासाठी बसत होत्या. आणि तुम्ही पारावर जाऊन काय बोललात तेही माझ्या कानावर आलं: "मास्तरीन पान्याले भेली तं पोट्टे कोनाले पाहून शिकतीन?" त्यानंतर चर्चा थांबली. पौषाच्या थंडीत काकूंनी पेटवून ठेवलेली शेकोटी आणि गुळाचा काळा चहा नसता तर मी डिसेंबरात नक्की सोडून दिलं असतं.

आता ती गोष्ट, जी तुम्ही मला सांगितली नाहीत.

माझा रस्ता वडाच्या कोपऱ्यातून जातो. तिथे पाणी खोल आहे, वेली कमी, म्हणून तो तुम्ही निवडलात असं मी समजत होते. मागच्या पंधरवड्यात काकू सहज बोलून गेल्या की तो तुमच्या जाळ्याचा कोपरा. तुमच्या वडिलांपासूनचा. संध्याकाळी जाळं लावायचं आणि झुंजूमुंजू व्हायच्या आत काढायचं, मरळ तिथेच सापडते. अंधारात पोहणाऱ्या बाईच्या पायात नायलॉनचं जाळं यायला नको म्हणून तुम्ही सप्टेंबरपासून ते पार सांडव्याकडे उथळात लावत आहात. तिथे रोज किलो-दीड किलो मासळी कमी पडते, असं काकू म्हणाल्या, आणि लगेच म्हणाल्या, तुमाले सांगतलं म्हनून सांगू नोका.

मी सांगते आहे. मला माफ करा, काकू.

मी पाकीट घेऊन आले तेव्हा तुम्ही ते उघडलंही नाहीत. तलाव संस्थेचा आहे, तिथे भरा आणि पावती घ्या, म्हणालात. ती पावती माझ्या वहीत आहे. पण चार महिन्यांची मासळी पावतीत येत नाही, हे मला आता कळलं आहे. रोज पहाटे पाण्यात शिरताना मी तुमच्या घरातलं ताटातलं काहीतरी ओलांडून जात होते आणि तुम्ही मागे डोंगा वल्हवत होतात.

सायकलचं फार लिहीत नाही. महामार्गावर ट्रक असतात म्हणून बांध्यांमधल्या रस्त्यानं सराव केला, मळणीच्या दिवसांत रस्त्यावर धान वाळत घातलेलं, तेवढे दिवस पहाट साधली. सायकलवरून उतरून धावायला लागलं की पाय लाकडाचे होतात, त्यावरही उपाय तुमच्याकडेच मिळाला: दिवसभर डोंग्यात बसून उठल्यावर तुम्ही पहिली पावलं बारीक आणि भराभर टाकता. मी पहिला किलोमीटर तसाच धावते. पाय परत आपले होतात.

एक सकाळ मात्र लिहायलाच हवी. कार्तिकानंतर पाणी निवळलं होतं. तुम्ही माझा चष्मा, तो पोहायचा, मागून घेतलात. डोळ्यांना लावून खाली गेलात आणि इतका वेळ वर आला नाहीत की मी घाबरले. वर आलात तेव्हा तुमचा चेहरा मी पहिल्यांदा असा पाहिला. "जलमभर हातानंच पायलो," म्हणालात, "आज डोऱ्यानं पायलो." मग दिवसभर तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला कमळाच्या देठांखालून मासे कसे जातात ते सांगत होतात. पैसे तुम्ही घेणार नाही, पण या पत्राबरोबर एक नवा चष्मा नातीच्या हाती पाठवते आहे. त्याला नाही म्हणू नका. पट्टा मागून ओढून बसवायचा, तिला माहीत आहे.

रविवारी पहाटे चारला गाडी निघेल. तुम्ही आणि काकू येणार असं नात म्हणते, पुढची सीट तुमच्यासाठी ठेवली आहे. तिथल्या होड्यांत जीवरक्षक असतील, तुम्ही काठावर बसा. मी आठ हातांनंतर डोळे वर काढेन.

सोमवारपासून बांबू काढून टाका आणि जाळं वडाच्या कोपऱ्यात लावा. मला पोहायचं असेल तेव्हा मी तुम्हाला विचारेन, जाळं निघाल्यावर, उन्हं वर आल्यावर. शाळा दुपारची असली की मला जमतं.

तुमची,
मॅडम