पी०७०० म्हणजे गिअरबॉक्स गेला असे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑटोमॅटिक गाडीत चेक इंजिनचा दिवा लागतो, गाडी एकाच गिअरला अडकून बसते, गॅरेजात स्कॅनर लावला की पी०७०० हा कोड दिसतो आणि तेवढ्यावरच गिअरबॉक्स उतरवायचे इस्टिमेट मालकाच्या हातात पडते. हा कोड कोणताही भाग खराब झाल्याचे सांगत नाही. ‘माझ्याकडे बिघाडाची नोंद आहे, दिवा लाव’ असा निरोप गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटने इंजिनच्या युनिटला दिला, एवढाच त्याचा अर्थ. खरा कोड गिअरबॉक्सच्या युनिटमध्ये असतो आणि स्वस्तातले ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक वेळा तिथपर्यंत पोहोचतच नाहीत. तेव्हा ट्रान्समिशनचे, म्हणजे गिअरबॉक्सचे, युनिट स्कॅनरवर वेगळे उघडून वाचायला सांगावे. ते उत्तरच देत नसेल आणि त्याच्याशी संपर्क तुटल्याचा यू०१०१ हा कोड दिसत असेल, तर आधी त्याचा फ्यूज, सप्लाय आणि अर्थिंग तपासायचे. गिअरबॉक्सला हात लावायचे कारण नाही.

कोड वाचण्याआधी पुसणे ही सर्वांत महागात पडणारी घाई. कोडसोबत त्या क्षणाचा वेग, इंजिनचे आरपीएम, तापमान, लोड यांची नोंद साठवलेली असते. बिघाड थंड गाडीत आला की घाटात तापल्यावर, हे या नोंदीवरूनच कळते. बॅटरीची तार काढली तरीही ही नोंद जाऊ शकते. म्हणून आधी फोटो काढावा, मग पुढचे काम.

दुसरी तपासणी बॅटरीची. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास, स्टार्टर फिरताना साधारण ९.६ च्या वर आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. व्होल्टेज कोसळले की सोलेनॉइड (गिअरबॉक्समधले ऑइलचे विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) आणि सेन्सर यांचे खोटे कोड एकदम उगवतात. इंजिन चालू ठेवून युनिटची अर्थिंगची पिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात मीटर लावला, तर ०.१ व्होल्टच्या आसपासच फरक दिसावा. जास्त दिसला तर अर्थिंगची जोडणी गंजली किंवा सैल झाली आहे.

आता कोडचा अर्थ लावणे. पी०७३१ ते पी०७३५ हे पहिल्या ते पाचव्या गिअरचे प्रमाण चुकल्याचे कोड. युनिट हे प्रमाण मोजते कसे? आत येणाऱ्या शाफ्टच्या फेऱ्यांना बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या फेऱ्यांनी भागून. म्हणजे दोन्ही सेन्सरपैकी एक जरी चुकीचे सांगू लागला, तरी सगळेच गिअर ‘चुकीचे’ ठरतात. अनेक गिअरचे कोड एकत्र आले आणि सोबत पी०७१५ (आत येणाऱ्या शाफ्टचा सेन्सर) किंवा पी०७२० (बाहेर जाणाऱ्या शाफ्टचा सेन्सर) असला, तर आधी तो सेन्सर आणि त्याची वायर पाहावी. एकटा पी०७३३ वारंवार येत असेल, तर मात्र तिसऱ्या गिअरचा क्लच, त्याचा सोलेनॉइड किंवा प्रेशर यांवर संशय घ्यायचा.

सोलेनॉइडचेही तसेच. पी०९७३ आणि पी०९७४ हे सर्किटचे कोड आहेत. वायर तुटली, शॉर्ट झाली किंवा कॉइल गेली. ते मल्टिमीटरने सुटतात. पी०७५१ म्हणजे वीज बरोबर पोहोचते, पण व्हॉल्व्ह हलत नाही. तिथे ऑइल, कचरा आणि व्हॉल्व्ह बॉडी (हे व्हॉल्व्ह बसवलेला ठोकळा) पाहायची. कॉइलचा रेझिस्टन्स युनिटच्या कनेक्टरकडूनच मोजावा, म्हणजे वाटेतली वायरही तपासली जाते, आणि तो थंड व गरम अशा दोन्ही वेळी मोजावा. थंड असताना ठीक आणि तापल्यावर तुटणारी कॉइल नेहमीच फसवते. तीन वायरच्या हॉल सेन्सरचा (चुंबकीय क्षेत्रावरून फेऱ्या मोजणाऱ्या सेन्सरचा) मात्र रेझिस्टन्स मोजू नये. त्याचा सप्लाय आणि सिग्नल पाहावा.

पावसाळ्यात आपल्याकडे उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि कनेक्टरमधला हिरवट थर ही कारणे प्रत्यक्ष गिअरबॉक्सपेक्षा आधी शोधायला हवीत. पाण्यात बुडालेल्या गाडीत ब्रीदरमधून, म्हणजे गिअरबॉक्सच्या हवेच्या नळीतून, पाणी आत जाते आणि ऑइल दुधाळ गुलाबी होते. अशी गाडी सुरू करू नये. ती फ्लॅटबेडवरच न्यावी.

ऑइलची पातळी ठरलेल्या तापमानालाच तपासायची. डिपस्टिक नसलेल्या बऱ्याच गिअरबॉक्समध्ये इंजिन चालू ठेवून ओव्हरफ्लोचा बोल्ट उघडावा लागतो. तापमान किती हवे ते त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असते आणि ते स्कॅनरवर पाहायचे. काळपट, जळका वास येणारे ऑइल म्हणजे क्लच घसरतो आहे. सीव्हीटीमध्ये (ठरावीक गिअर नसलेल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये) साधे एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल, ओतणे हा शुद्ध नाश आहे.

गॅरेजमालकांना विनंती की इस्टिमेटसोबत दोन्ही युनिटच्या कोडची छापील यादी, कोडच्या क्षणाची नोंद, बॅटरीचे व्होल्टेज आणि ऑइलची स्थिती लिहून द्यावी. हे काम साधारण तासाभराचे आहे, त्याची मजुरी जरूर घ्यावी. मालकांनीही ती कुरकुर न करता द्यावी आणि हा कागद हातात येईपर्यंत गिअरबॉक्स उतरवायला होकार देऊ नये.

आपला,
एक वाहन-दुरुस्ती प्रशिक्षक, पुणे