गिटारच्या वायरींसाठी पिना घेण्याआधी

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. बँडच्या सगळ्या वायरी घरीच बनवायच्या ठरवल्यास, हे वाचून मनापासून आनंद झाला. पण 'कुठलीही पी-३८ पिन (गिटारच्या वायरीच्या टोकाला लागते ती पाव इंची पिन) चालेल ना?' असं जे विचारलंयस, त्याला माझं उत्तर स्पष्ट 'नाही' आहे.

वायर मध्येच सहसा तुटत नाही. ती तुटते पिनेच्या तोंडाशी, कारण स्टेजवर कुणाचा पाय अडकला की सगळी ओढ तिथे बसते. म्हणून पिन हातात घेतलीस की आधी तिची मागची बाजू बघ. साध्या पिनेत पत्र्याची दोन पाती असतात आणि ती पक्कडीनं वायरीवर दाबायची असतात. जास्त दाबली तर आतलं इन्सुलेशन कापलं जातं, कमी दाबली तर वायर सरकते आणि सगळा ताण सोल्डरवर येतो. न्यूट्रिक कंपनीच्या एनपी-२-एक्स पिनेत प्लास्टिकची पकड असते. मागची टोपी फिरवली की ती वायरीला चहूबाजूंनी सारखी आवळते. मी तीच घे म्हणेन. स्विचक्राफ्ट कंपनीची २८० दणकट आहे, सोल्डरला जागाही ऐसपैस, पण तिची पकड पात्यांचीच.

न्यूट्रिकची ही पिन ४ ते ७ मिमी जाडीच्या वायरीला बसते. त्यामुळे आधी वायर पक्की कर, तिची जाडी मोज, मगच पिन घे.

पुढच्या टोकाचा मणी बोटांनी फिरवून बघ. जरा जरी हलला तरी ती पिन परत ठेव. हा ६.३५ मिमीचा घाट टेलिफोन एक्स्चेंजच्या काळापासून चालत आलाय. जॅकमधली, म्हणजे पिन जिथे खोचतो त्या भोकामधली, पट्टी मण्यामागच्या खाचेत जाऊन बसते, तेव्हाच पिन घट्ट राहते. मणी सैल असेल तर खरखर ठरलेलीच.

सोन्याच्या मुलाम्यासाठी जादा पैसे मोजू नकोस. रत्नागिरीच्या दमट हवेत सोनं काळवंडत नाही, हे खरं. पण तुझ्या गिटारचा जॅक निकेलचा आहे, आणि पिन सतत आत-बाहेर करून पातळ मुलामा झिजतोच. निकेलची पिन अधूनमधून कोरड्या फडक्यानं पुसलीस की झालं. आवाजात फरक पडत नाही. ते पैसे वायरीत घाल.

स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) गिटारचा जॅक तिरक्या खोबणीत असतो, तिथे सरळच पिन हवी. कडेला जॅक असलेल्या गिटारला काटकोनी पिन बरी, बसून वाजवताना वाकत नाही. तुमच्या अ‍ॅकॉस्टिकवाल्याला मात्र मोनोच पिन दे, म्हणजे जिच्यात मणी आणि बाही (मण्यामागची धातूची नळी) एवढंच असतं ती. बऱ्याच प्रीअँपमध्ये (गिटारमधल्या बॅटरीवरच्या छोट्या अँपमध्ये) जॅक स्टिरिओ असतो, म्हणजे त्यात रिंग नावाचा एक जादा संपर्क असतो, आणि मोनो पिनेची लांब बाही ती रिंग अर्थशी जोडते तेव्हाच बॅटरी चालू होते. स्टिरिओ पिन घातलीस तर प्रीअँप बंदच राहण्याची शक्यता जास्त.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चांगल्या वायरीत मधल्या तारेच्या इन्सुलेशनवर काळा, रबरासारखा पातळ थर असतो. वायर हलली की होणारी खुडबुड तो शोषतो, पण तो विजेचा वाहक आहे. मण्याच्या टॅगला (जिथे तार सोल्डर करतो त्या पट्टीला) टेकला तर सिग्नल शील्डकडे, म्हणजे बाहेरच्या तारांच्या जाळीकडे, गळतो. तो नखानं किंवा ब्लेडनं चार-पाच मिमी मागे सोल, तार पूर्ण मोकळी कर. मागची टोपी मात्र सोल्डरच्या आधीच वायरीत ओवून घे. सोल्डर ६३/३७ चं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) आण. ते १८३ अंशांना एकदम वितळतं आणि एकदम गोठतं, त्यामुळे टाका स्वच्छ येतो.

शेवटी मल्टिमीटर बीपवर ठेवून लाव. मणी ते मणी बीप, बाही ते बाही बीप, मणी ते बाही काहीच नाही. आणि हे सगळं वायर पिनेपाशी हलवत हलवत तपास.

वायरीची जाडी कळव. पिना मी पुण्याच्या तापकीर गल्लीतून घेऊन पाठवतो. तुझ्या गिटारसाठी एक 'सायलेंट' पिनही घेईन. ती गिटार बदलताना आवाज आपोआप बंद करते, पण गिटारच्याच बाजूला लावायची, अँपच्या नाही.

तुझा,
अविनाश